उलटी मगर : सव्वादोन वर्षांच्या ‘वाचना’चं एक प्रकरण

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. एक हात एकामागून एक कार्डं समोर धरतोय आणि समोर बसलेली मुलगी पटापट सांगत जातेय : मगर, नळ, बदक, कप, घर. बदकापाशी जरा अडखळली, मग हसली. शेवटी बाबांचं जोरदार ‘शाब्बास!’ आणि टाळ्या. खाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं : ‘ताई, सव्वादोन वर्षांची आहे. पुढचा टप्पा सुरू करायचा की नाही यावर घरात एकमत होत नाहीये. एकदा बघाल का?’

बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या भाषेवर काम करताना असे व्हिडिओ अधूनमधून येतात. या घराची हकिकत सविस्तर लिहायचं कारण म्हणजे इथे तिन्ही मोठ्या माणसांच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि मीही एका ठिकाणी चुकले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे नुसतं छोटी म्हणते.

छोटी चौदा महिन्यांची असताना बाबांनी बाळांना वाचायला शिकवणारा हा कार्यक्रम घेतला. टॅबवर दिवसातून तीनदा, दर वेळी दहा मिनिटं. आधी धून वाजते, मग पांढऱ्या पडद्यावर लाल ठसठशीत शब्द येतो, आवाज तो उच्चारतो आणि शेवटी चित्र. जोडीला छापील कार्डांचा डबा. मी गेले तेव्हा ६२ कार्डं ‘झाली’ होती. पुढच्या टप्प्यात दोन-दोन शब्दांची वाक्यं येणार होती आणि दर बैठकीचा वेळ दुप्पट होणार होता.

बाबांचं कारण हौसेचं नव्हतं. ते स्वतः उशिरा वाचायला शिकले. वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली की पोटात गोळा यायचा, आणि हे सांगतानाही त्यांचा आवाज बदलला. ‘तिच्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच,’ ते म्हणाले. आईची तक्रार निराळी : हल्ली टॅबची धून वाजली की छोटी टेबलाखाली जाऊन बसते. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘दिवसभर ती विचारते, हे काय, ते काय. आणि आम्ही काय म्हणतो? थांब बाळा, आधी कार्ड.’

ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. निदान मात्र त्यावर होत नाही, म्हणून आधी कार्डं काढली.

जशी होती तशी दाखवल्यावर ६२ पैकी ५४ बरोबर. चित्र मागच्या बाजूला होतं, त्यामुळे चित्र पाहून सांगते अशी शंका नव्हती. मग मी माझ्या पिशवीतली कार्डं काढली. त्यातलेच बारा शब्द, जवळपास त्याच आकाराचे, पण काळ्या शाईत छापलेले. छोटीने पहिल्या कार्डाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. दुसरं कार्डही तसंच. बारापैकी एकही शब्द आला नाही. कोऱ्या कागदावर हाताने ‘घर’ लिहिलं, तर ती माझं पेन मागायला लागली.

परत तिची कार्डं घेतली आणि या वेळी उलटी धरली. अक्षरं डोक्यावर, शिरोरेघ खाली. दहापैकी नऊ बरोबर, तितक्याच झटपट. ‘मगर’चं कार्ड उलटं पाहूनही तिने ‘मगर’ म्हटलं, आणि तिला त्यात काही वावगंही दिसलं नाही.

तेव्हा माझं लक्ष त्या कार्डाच्या कोपऱ्याकडे गेलं. तो चावून चावून मऊ झाला होता. मी एक कोरं कार्ड घेतलं, त्याचा कोपरा तसाच चुरगाळून ओला केला आणि वर लाल पेनाने लिहिलं : नळ.

‘मगर,’ छोटी म्हणाली.

बाबा काहीच बोलले नाहीत. आजी हसल्या, आणि लगेच हसू आवरलंही.

यात मुलीची कसलीच लबाडी नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. तिच्यापुढे एक कोडं ठेवलं होतं : कोणता पुठ्ठा दाखवला की मोठी माणसं कोणत्या आवाजाने खूश होतात? ते तिने जवळच्या वाटेने सोडवलं. कुठे चावलेला कोपरा, कुठे डाग, कुठे लाल ठशाची एकूण लांबी. सव्वादोन वर्षांच्या मुलीने पन्नासावर पुठ्ठे लक्षात ठेवणं ही स्मरणशक्ती चांगली असल्याचीच खूण. पण याला वाचन म्हणता येत नाही. जे चिन्ह दिसतं त्याचा ध्वनी, ध्वनींची जुळणी, आणि जुळलेल्या शब्दाचा आपल्याला आधीच माहीत असलेला अर्थ, ही साखळी जुळली की वाचन. छोटीकडे पहिली कडीच नव्हती, आणि तिसरीही डळमळीत होती. ‘बदक’ म्हणजे काय हे तिला कार्डाच्या मागच्या चित्रापलीकडे ठाऊक नव्हतं. खेळण्यातलं बदक पुढे केलं तर ती त्याला ‘भू’ म्हणाली.

उलट्या मगरीबद्दल जरा थांबून सांगते, कारण पालकांना हे सहसा कुणी सांगत नाही. कप उलटा ठेवला तरी कपच असतो. आई आडवी झोपली तरी आईच. जन्मल्यापासून डोळ्यांनी हाच धडा गिरवलेला असतो : वस्तू कशीही फिरवा, ती तीच. अक्षरं हा नियम मोडतात. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांनी वर्षानुवर्षं दाखवलं आहे की वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागचा-खालचा एक भाग, जो एरवी चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामातला असतो, तो अक्षरांसाठी नव्याने घडतो. आरशातलं रूप आणि मूळ रूप वेगळं धरणं हाही त्याच घडणीचा भाग. चार-पाच वर्षांची मुलं अक्षरं उलटी काढतात ती म्हणूनच. छोटीसाठी ‘मगर’ अजून कपासारखी वस्तू होती.

बाबांचा पुढचा प्रश्न रास्त होता. ‘मग आम्हाला कसं कळलं नाही?’

कळत नाहीच. मलाही पहिल्यांदा व्हिडिओ पाहून क्षणभर वाटलं होतं की ही वाचतेय की काय. न्यूयॉर्क विद्यापीठात सुसान न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९ ते १८ महिन्यांची ११७ बाळं, त्यांचे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखे दोन गट. एका गटाला सात महिने बाळांना वाचायला शिकवणारा संच दिला : डीव्हीडी, शब्दांची कार्डं, पुस्तकं. दुसऱ्या गटाला काहीच नाही. मग १४ मापांनी तपासलं. १३ मापांत दोन्ही गटांत फरक नव्हता. चौदावं माप होतं पालकांचा विश्वास, की आपलं बाळ शिकतंय. तो मात्र संच घेतलेल्या घरांत ठळकपणे जास्त होता. त्याआधी २०१० मध्ये जूडी डीलोश यांच्या गटाला असंच दिसलं होतं : महिनाभर शब्दांचा व्हिडिओ पाहिलेली बाळं न पाहिलेल्यांच्या पुढे गेली नाहीत, ज्यांच्या आईवडिलांनी व्हिडिओ बाजूला ठेवून तेच शब्द रोजच्या व्यवहारात वापरले ती सर्वांत जास्त शिकली, आणि ज्या पालकांना व्हिडिओ आवडला त्यांनी बाळाच्या प्रगतीचा अंदाज फुगवून सांगितला.

या कल्पनेचं मूळ जुनं आहे. मेंदूला इजा झालेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या ग्लेन डोमन यांनी १९६४ साली मोठ्या लाल अक्षरांची कार्डं झरझर दाखवून बाळाला वाचायला शिकवण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. छोटीच्या पडद्यावरचा लाल रंग तिथून आलेला. पुढे कार्डांच्या जोडीला डीव्हीडी आल्या. अमेरिकेत ‘युवर बेबी कॅन रीड’ या संचाची जाहिरात नऊ महिन्यांचं बाळही वाचू शकतं असं सांगायची. हे दावे पुराव्याविना आहेत म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये कंपनीवर कारवाई केली, आणि तडजोडीच्या आदेशात रक्कम होती १८.५ कोटी डॉलर. कंपनीकडे तेवढे पैसे नसल्याने त्यातली बहुतेक वसुली स्थगित झाली, हा भाग निराळा. संच गेले आणि ॲप आली, दाव्यांची भाषा तेवढी सावध झाली. ‘वाचेल’ऐवजी आता ‘वाचनाची पायाभरणी होईल’ असं छापतात.

बाबा तयारीचे होते. त्यांनी विचारलं, ‘पण काही मुलं तीन-चार वर्षांची असताना खरंच वाचतात. ते खोटं आहे का?’

खोटं नाही. डोलोरेस डर्किन या संशोधिकेने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पहिलीत आलेल्या ५,१०३ मुलांतून शाळेआधीच वाचता येणारी मुलं शोधली. ती ४९ निघाली. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. ही मुलं विलक्षण बुद्धीचीच होती असं नव्हे. घरोघरी दिसलं ते असं : कुणीतरी त्यांना वाचून दाखवत होतं, त्यांच्या प्रश्नांना उत्तर देत होतं, आणि मुलांना कागद-पेन्सिलीचं वेड होतं. बरीच मुलं रेघोट्यांवरून अक्षरं नकलायला लागली, मग ‘माझं नाव कसं लिहायचं?’ असं विचारायला लागली आणि त्यातून वाचनाकडे आली. प्रश्न मुलाचा होता, उत्तर मोठ्यांचं. छोटीच्या घरी प्रश्न टॅबचा होता.

अगदी लहानपणी वाचणारी दुसरीही काही मुलं असतात, त्यांना हायपरलेक्सिया असतो. ती अस्खलित उच्चारतात, पण अर्थ मागे पडतो, आणि बोलण्या-मिसळण्यात अडचणी असू शकतात. छोटीच्या बाबतीत ती शंका माझ्या परीक्षेतच गळाली होती. मात्र दुसरी एक चिंता उरली. सव्वादोन वर्षांच्या मानाने तिचं स्वतःचं बोलणं कमी होतं. कार्डांवरचे शब्द वगळले तर मी जेमतेम साठ मोजले, आणि दोन शब्द जोडून ती फक्त ‘आई नको’ आणि ‘आजी ये’ म्हणत होती. एवढ्यावरून घाबरायचं कारण नव्हतं, पण कानांची तपासणी करून घ्या असं मी सांगितलं. ती झाली, ऐकणं उत्तम निघालं.

आता ‘नुकसान होतं का?’ हा प्रश्न. इथे मी पालकांना घाबरवत नाही. हसतखेळत दहा मिनिटं कार्डं पाहिली म्हणून कुणाचा मेंदू बिघडत नाही. पण छोटीच्या घरी ते दिवसाच्या अर्ध्या तासावर भागत नव्हतं. बोलावणं, रुसणं, टेबलाखालून काढणं, परत बसवणं धरून आईच्या हिशेबाने दोन तास जात. जागं असताना आईबाबा हाताशी असण्याचा या घरातला वेळच तेवढा होता. या वयातल्या बाळाला समोरचं जिवंत माणूस लागतं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या बाईकडून बारा बैठकांत बाळांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखायला सुरुवात केली. तीच बाई, तेच बोलणं पडद्यावरून ऐकवलं, तर काहीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला दोन वर्षांच्या मुलांसाठी पडदा दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तम, आणि एका वर्षाच्या बाळाला मुळीच नको, असा आहे. छोटीची सुरुवात चौदाव्या महिन्यात झाली होती.

एक माझं खास मत, भाषेपुरतं. अख्खा शब्द चित्रासारखा ओळखवण्याची कल्पना इंग्रजीच्या बेभरवशाच्या स्पेलिंगमुळे रुजली असावी. आपल्या लिपीला तिची गरजच काय? ‘म’ला म म्हणायचं आणि ‘ग’ला ग, हे एकदा कळलं की न पाहिलेला शब्दही वाचता येतो. आपली अडचण दुसरीकडे आहे. चिन्हं पुष्कळ. बाराखड्या मांडल्या तर आकडा चारशेच्या आसपास जातो, वर जोडाक्षरं. त्यात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि कागदावर आधी. पाच-सहा वर्षांचं मूलसुद्धा ‘कि’पाशी थबकतं. या गोष्टी पाठ करून सुटत नाहीत. ‘मगर’मध्ये तीन आवाज आहेत हे कानाला आधी ऐकू यावं लागतं, आणि त्याला यमकं, बडबडगीतं, शब्दांची मोडतोड लागते. आजींची चिऊ-काऊची गोष्ट, तीही रोज त्याच शब्दांत, हे काम केव्हाच करत होती. फक्त कुणी तिला कार्यक्रम म्हणत नव्हतं.

ठरलं ते असं. पुढचा टप्पा नाही. टॅब बंद. कार्डांचा डबा फेकायचा नाही, खेळण्यांत टाकायचा. रोज एक पुस्तक मांडीवर बसवून, पण वाचून संपवायची घाई नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ च्या प्रयोगात २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांचे पालक महिनाभर पुस्तक वाचताना मध्ये थांबले, मुलांना बोलतं केलं, मूल म्हणेल त्याला आणखी दोन शब्द जोडत गेले. नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा त्यांची मुलं बोलण्याच्या चाचण्यांत काही महिन्यांनी पुढे निघाली. प्रयोग छोटा होता, पण पद्धत फुकट आहे आणि घरात बसते.

आणि इथे मी चुकले. आईच्या सोयीसाठी मी बारा नमुना-प्रश्नांचा कागद दिला. तीन आठवड्यांनी गेले तर मांडीवरच्या पुस्तकात कार्यक्रमच पुन्हा सुरू झाला होता : ‘ही कोण? रंग कोणता? कान किती? शेपूट कुठेय?’ तिसऱ्या प्रश्नाला छोटीने पुस्तक आईच्या बोटांवर मिटलं. आईचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘मला हेही जमत नाही.’ तिला जमत होतं, कागद वाईट होता. तो मी परत घेतला. त्याऐवजी एकच गोष्ट सांगितली : तिने बोट ठेवलं की थांबा, आणि ती म्हणेल त्यावर बोला. ती ‘भू’ म्हणाली तर ‘हो, भू दमलाय, झोपलाय’, एवढं. आजींना काहीच सांगावं लागलं नाही.

तीन महिन्यांनी छोटी तीन-तीन शब्दांची वाक्यं बोलत होती. हे कार्डं बंद केल्यामुळे झालं असा दावा मी करणार नाही. या वयात तीन महिन्यांत मुलं तशीही झेप घेतात. ती टेबलाखाली जायची थांबली, हे मात्र त्याच आठवड्यात झालं.

बाबांना पूर्ण पटलं नाही. ‘मागे पडली तर?’ हे त्यांनी तीनदा विचारलं. मी त्यांना न्यूझीलंडचा २०१३ चा अभ्यास सांगितला : सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकायला लागलेल्या मुलांची तुलना केली, तर साधारण अकराव्या वर्षापर्यंत उशिराची मुलं बरोबरीला आली होती. हेही सांगितलं की त्या शाळा आणि ती घरं निवडक होती, तेव्हा त्यावरून ‘उशीर केलेला बरा’ असं काढू नका. आणि वडिलांना वाचन जड गेलं असेल तर पाच-सहाव्या वर्षी मुलीकडे बारीक लक्ष हवं. अडचण असेल तर तेव्हा थांबून चालत नाही. त्यांच्या पोटातल्या गोळ्याला खरं उत्तर तिथे होतं, चौदाव्या महिन्यात नव्हे.

आज छोटी साडेचार वर्षांची आहे. वाचत नाही. वीसेक अक्षरं ओळखते, ‘र’ आणि ‘स’मध्ये गोंधळते, स्वतःचं नाव अर्धं लिहून कंटाळते. तिचा मावसभाऊ, तिच्याहून दोन महिन्यांनी लहान, छोटी वाक्यं वाचतो, आणि बाबांना ते खुपतं. ॲपचं सदस्यत्व त्यांनी मध्ये एकदा गुपचूप चालू केलं होतं. आठवडाभरात स्वतःच बंद केलं.

ती तीन वर्षं आणि चार महिन्यांची असताना मी शेवटची त्या घरी गेले होते. जुन्या कार्डांचं तिने जमिनीवर घर बांधलं होतं, भिंती सारख्या कोसळत होत्या. एक कार्ड हातात घेऊन ती थांबली. चावलेल्या कोपऱ्याचंच होतं ते. मधल्या अक्षरावर बोट ठेवून तिने विचारलं, ‘आजी, हे काय?’

‘ग.’

‘गाडीतला?’

‘गाडीतला.’

बाबांनी ‘आणि बघ, म-ग-र’ म्हणायला तोंड उघडलं. आजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. छोटीचं लक्ष नव्हतं. तिने कार्ड फिरवून उलटं केलं, मान वाकडी करून निरखलं आणि म्हणाली, ‘ग पडला.’